तेल लावलेल्या पट्ट्या

आमच्या घराण्यात डास सोडले तर कुणी कशाची शिकार केलेली नाही. तरी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात धनुष्य तयार होत होतं. कारण आबांचा उजवा हात.

आबा, म्हणजे माझे वडील, उचगावात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करायचे. होळीच्या सुमारास अर्धांगाचा झटका आला आणि तो हात मांडीवर पाहुण्यासारखा बसून राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. आबांनी तो शेजारच्या कुत्र्याला दिला. कुत्र्याचा जबडा आता ठणठणीत आहे.

मग त्या हाताला काहीतरी चाळा लागावा म्हणून मी मोबाईलवर बघून धनुष्य करायला घेतलं. बांबूच्या आणि शिसमाच्या पातळ पट्ट्या घासून सपाट करायच्या आणि एकमेकींवर चिकटवायच्या. मी घासलेल्या दोन पट्ट्या आबांनी एकीवर एक ठेवून खिडकीकडं धरल्या. मधून अख्खी पेठ दिसत होती.

“ह्यातनं बैलगाडी जाईल,” आबा म्हणाले. झटक्यानंतरचं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य.

तेव्हापासून तेच घासायला लागले. ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, डाव्या हातानं उजव्याला ढकलत. नंतर नंतर तर न ढकलताच. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी पट्ट्या नीट बसल्या, तेव्हा आबांनी स्वतःच्या हाताकडं तो नुकताच पुण्याहून आल्यासारखं बघितलं. मी पट्ट्या थिनरनं पुसून कागदात गुंडाळल्या. आता ह्यांना बोट लावायचं नाही, घाम लागला तरी गोंद धरत नाही, असं घरात सगळ्यांना बजावलं. सगळे म्हणजे आबा. त्यांची थोरली बहीण आक्का मुरगूडहून पहाटेच्या गाडीनं यायची होती.

सकाळी, आक्का येऊन स्थिरावल्यावर, मी दोन डब्यांतला गोंद वाटीत कालवला. एकदा कालवला की तो कुणासाठी थांबत नाही. पट्टीवर लावला, तर पसरेना. जागोजागी गोळा होऊन बसला.

आबा बघत होते. “हात गेलाय माझा,” ते म्हणाले. “नीट घासलं गेलं न्हाय. ऱ्हाऊ दे.” आणि उठले.

मी पट्टी नाकाला लावली. गोडेतेल. कडेला हळदीचं बोट.

“आक्का, ह्याला काय केलंस?”

“पूजा. शस्त्र न्हाय व्हय ते? घरातली विळी पुजली, मिक्सर पुजला, ह्यालाच कोरडं ठेवू? तेल लावलं, हळद-कुंकू लावलं. कागद खराब व्हईल म्हणून परत पुसून ठेवलं की.”

एरवी मी हे महिनाभर सगळ्यांना सांगत हसलो असतो. पण आबा दारापर्यंत पोचले होते, आणि ते एकदा आत जाऊन झोपले की चेंडूचं झालं तेच लाकडाचं होणार होतं.

“आबा, हात न्हाय, तेल हाय.”

“समजूत घालू नगंस माझी.”

“पिराजी, मीच लावलं,” आक्का आबांना म्हणाली. “तुझ्या हातासाठीच लावलं रं.”

आबा परत आले. पट्टी हुंगली. तोवर वाटीतला गोंद आपोआप तापून, कडक होत धूर सोडायला लागला होता. तो मी वाया जाऊ दिला.

“आत मुरलंय,” आबा म्हणाले. “परत घासाय लागंल.”

“पट्टी आधीच पातळ हाय, आबा.”

ते बसले. ठोकळा उजव्या हातात घेतला. हात ठोकळा एका अंगाला ओढत होता.

“डावीकडं जास्त जातंय,” मी म्हणालो.

“दिसतंय मला.”

“थांबूया का?”

“न्हाय. आक्के, टोक धर. हलाय लागलंय.”

आक्कानं दोनदा साबणानं हात धुतले, तरी पदरानंच टोक धरलं. “आता जमंल न्हवं?” ती हळूच म्हणाली.

डावीकडं पट्टी पातळ होत चालली होती; हे धनुष्य ओढलं की तिथंच मोडणार, हे मला कळत होतं आणि आबांनाही.

“जमंल,” आबा म्हणाले, आणि घासत राहिले.