नाताळच्या पिशवीतल्या विटा

"बाबा, आपल्या विटांची कल्पना तुम्ही चोरलीत का?"

'विचारून दाखव' अशी वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून बिर्थेने हे विचारले. तिचे बाबा व्हिलाड्स यांनी हातातली कानस खाली ठेवली आणि माझ्याकडे बोट दाखवले. "याला विचार."

तर मित्रांनो, आता मला बोलायलाच हवे. मी खेळण्यातल्या विटांचा एक जुना पोलादी साचा आहे. डेन्मार्कमधल्या या खेड्यात माझे मालक व्हिलाड्स यांनी दोन हिवाळे खपून मला घडवले. वितळलेले प्लॅस्टिक पोटात घ्यायचे, गार व्हायचे आणि वीट बाहेर टाकायची, हेच माझे काम. विटेवर वीट टच्चकन बसली की मालक पोरासारखे हसत.

मग एका मोठ्या कारखान्याने हुबेहूब तशाच विटा बाजारात आणल्या. दुकानदार आम्हालाच नकली म्हणू लागले. माझ्यावर गंज चढला. अशा विटा करायचा हक्क फक्त त्यांचा, असे सांगणारे पेटंट मालकांकडे होते, म्हणून ते कोर्टात गेले. कारखान्याचा वकील एवढेच म्हणाला, "यांचा पेटंटचा अर्ज जानेवारीतला. त्याआधी या विटा लोकांच्या हाती गेल्या असतील, तर पेटंट रद्द."

गेल्या होत्या, मित्रांनो. नाताळच्या झाडाभोवती नाचून झाले की इथे प्रत्येक मुलाला खाऊची कागदी पिशवी मिळते. अर्जाच्या आदल्याच नाताळात साखर रेशनवर होती. पिशव्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मालकांनी त्यांत माझ्या पहिल्या विटा भरल्या. अर्जाचे त्यांच्या डोक्यातही आले नाही.

कोर्टात सारे गाव मायेने खोटे बोलले. "छे, आम्हाला नाही आठवत." उरली फक्त बिर्थे. उद्या तिची साक्ष.

"सात वर्षांची तर होतीस गं," तिची आई आस्ता म्हणाली. "विसरले म्हण. कोण तुझ्या डोक्यात शिरून बघणार आहे?"

मालकांच्या ताटात राय धान्याची भाकरी तशीच होती. पेटंट गेले, तर मी भंगारात जाणार.

मित्रांनो, हातातली वीट पहिल्यांदा कोणी घडवली, एवढे तरी विचारत जा. ती तुटली तरी लगेच फेकू नका.

बिर्थे उठली.

"आई, बाबा, मी उद्या खरं सांगणार आहे. ती पिशवी मला मिळाली होती. मिळालीच नाही, असं मी नाही म्हणणार."