वुर्यानीचा तास

सोमवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात बचाव पथकातल्या एका पोरीनं माझ्या हातात मोटरसायकलची नंबरप्लेट दिली. रंग जळून गेला होता. ठोकलेले आकडे तेवढे बोटाला लागत होते.

"पाक तुगिमान, ही तुमचीच ना?"

"माझीच."

"गाडी पुचांग वाडीच्या वळणावर सापडली. तोंड वरच्या बाजूला होतं." ती माझ्याशेजारी टेकली. "बू वुर्यानी गाडीपासून लांब नव्हत्या."

"ओळखता येतंय का?"

तिनं नकारार्थी मान हलवली. "तुम्ही नका बघू."

वुर्यानी माझी बायको. मी बघितलं नाही. प्लेट मांडीवर घेऊन बसून राहिलो. आमचा ज्वालामुखीचा डोंगर फुटला होता; शाळेत तेव्हा तीनशे माणसं होती. समोरच्या भिंतीला टेकून सार्जिनेम बसली होती. तिचा नवरा दार्मो आदल्याच दिवशी सापडला होता, वरच्या कुरणात, गवताच्या भाऱ्याशेजारी.

सार्जिनेम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वुरचं वाईट झालं. पण आमच्या माणसाला तिनंच मारलं. 'ही फीत आहे, डोंगर नव्हे' असं म्हणाली रेडिओवर. ह्या कानांनी ऐकलंय मी. एकदा नाही, तीनदा. आणि फीत लावून स्वतः गेली निघून."

तिला कुणी गप्प केलं नाही. पाक जारवादी माझ्याजवळ येऊन बसले. ते आमच्या रेडिओचे प्रमुख, निवृत्त मास्तर; आमच्याकडे मोठ्या माणसाला पाक म्हणतात आणि बाईला बू. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू वेळेवर पोचलास म्हणून खालचं पुचांग तरी वाचलं, तुगी. लोक विसरायचे नाहीत."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी वेळेवर पोचलो नव्हतो. मी पहिल्यापासून तिथंच बसलेलो होतो.

आमचा रेडिओ म्हणजे ग्रामसभागृहामागची एक खोली आणि एक खांब. डोंगराची आमची बाजू सोडली तर तो कुठं ऐकू येत नाही. सकाळी मिरचीचे भाव, दुपारी फर्माइशी, रविवारी छायाबाहुल्यांचा खेळ. शनिवारी तीन ते चार वुरचा तास.

मी लग्नकार्याला स्पीकर भाड्यानं देतो आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतो. सहा वर्षांपूर्वी शहरातल्या काही पोरांनी एका बंद पडलेल्या साखर कारखान्यात कार्यक्रमासाठी माझे स्पीकर नेले. बिस्किटांच्या डब्यांत तारा जोडून ती पोरं आवाज काढत. त्यात गाणं नसे, कधी ठेका असे, कधी तोही नसे. माझा एक स्पीकर फाटला. मी भांडायला गेलो तेव्हा वुर बरोबर होती. मी भांडत होतो आणि ती एका डब्यापाशी उकिडवी बसून विचारत होती, "ह्यातली कुठली तार कुठं जाते रे?"

तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती आणि बाजारात टोफू विकत होती. वर्षभरात तिनं जारवादींकडून तासभर मिळवला. त्या पोरांना कुठं कुणी वाजवू देत नसे, म्हणून ती लांबलांबून फिती घेऊन आमच्या खोलीवर येत. पुढं वुर स्वतःच फिती करायला लागली.

गावानं तिची थट्टा पुष्कळ केली. एकदा कार्यक्रम चालू असताना दार्मोचा फोन आला. "बू वुर, तुमच्या रेडिओतल्या पंपाला ग्रीस लावा की!"

ती माईकवरच म्हणाली, "लावलं होतं हो, पाक दार्मो. तुमच्या गाईनं चाटलं."

आठवडाभर लोक दार्मोच्या गाईची चौकशी करत होते. मीही हसलो. मात्र तिचं वाजवणं मी कधी ऐकलं नाही. तीन वाजले की मी अंगणात पंप खोलून बसायचो.

डोंगरावर जमिनीत यंत्र पुरलेलं आहे. ते एक शिट्टी पाठवतं आणि साध्या वायरलेसवर ती कुणालाही ऐकता येते. जमीन स्थिर असली की शिट्टी सलग वाजते. हलली की वळवळते. आमच्याकडे लहान मुलांनाही तो आवाज कळतो. वुरला तो फार आवडायचा. तिनं मागच्या स्फोटातली शिट्टी जपून ठेवली होती, ती संथ करून आपल्या फितींत घालायची. जारवादी म्हणाले, "बाई, लोक घाबरून पळत सुटतील." शेवटी ठरलं, की तिच्या फितीत डोंगर आला की तिनं तसं सांगायचं. तिनं आपल्या आवाजात ते भरून एका बटणावर ठेवलं. बटण दाबलं की ती म्हणायची, "ही फीत आहे, डोंगर नव्हे. घाबरू नका."

मग डोंगर पुन्हा जागा झाला तेव्हा वरच्या वाड्या रिकाम्या करून माणसं शाळेत आणली. पण गुरं वरच होती आणि त्यांना गवत लागत होतं. दिवसा लोक वर जात. खालच्या गवतावर राख बसली होती, गाई त्याला तोंड लावत नव्हत्या, म्हणून लोक स्वच्छ गवतासाठी आणखी वर जात. कमरेला छोटा रेडिओ बांधलेला असे. आम्ही ठरवलं, की कुठलाही कार्यक्रम असो, त्याखाली डोंगराची शिट्टी बारीक आवाजात चालूच ठेवायची. आमच्या यंत्रावर वरखाली सरकवायच्या पट्ट्या आहेत. चौथी पट्टी डोंगराची. तिच्यावरचा काटा लाल रेघेपलीकडे गेला, की बाकी सगळं बंद करून माईकवर ओरडायचं, खाली या.

आधी शिट्टी तासातून एखाददा वळवळत असे. मग दर दहा मिनिटांनी. वरचे दोन झरे आटले. अठरा दिवस गेले आणि आम्हाला त्याचीही सवय झाली.

एकोणिसाव्या दिवशी शनिवार होता. तीन वाजून गेल्यावर दार्मोचा फोन आला, की पुचांगच्या गस्तीच्या चौकीवरचा भोंगा गप्प झालाय. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता त्यांना तो भोंगाच होता. तो दुरुस्त करणं माझं काम. त्या दिवशी माझा गुडघा सुजला होता. खरंच सुजला होता.

वुर मला मास म्हणायची, आमच्याकडे नवऱ्याला म्हणतात तसं. म्हणाली, "मास, तुम्ही बसा. वायर निसटली असणार. मला येते जोडता."

"आणि हे तुझं काय करायचं?"

"बावीस मिनिटांची फीत लावते. सुरुवातीला डोंगर आहे, तेव्हा एकदा बटण दाबा. मग कशाला हात लावू नका. काटा तेवढा बघत राहा." दारातून वळून म्हणाली, "आणि ऐका जरा. आज तरी."

मी बटण दाबलं. मग खुर्चीत मागं रेललो आणि पाय स्टुलावर ठेवला. तिथून काटा दिसत नव्हता. फीत वाजत होती. खडखड, घरघर, मध्येच पत्र्यावर काही आपटल्यासारखं. दहा-बारा मिनिटांनी शिट्टी वळवळायला लागली. माझ्या मनात आलं, हिचं पुन्हा सुरू झालं. वर लोक घाबरतील म्हणून मी बटण दाबलं. वुरचा आवाज म्हणाला, घाबरू नका. शिट्टी थांबेना. ती चिरकायला लागली, तुटायला लागली. डोकं दुखायला लागलं म्हणून मी खोलीतला स्पीकर बारीक केला. आणि पुन्हा एकदा बटण दाबलं.

फीत संपली. आकडे शून्यावर आले. आवाज चालूच राहिला.

मग मी काटा बघितला.

माईकवर मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. लोक सांगतात, की मी "खाली या, हा डोंगर आहे" म्हणत होतो आणि मध्येच वुरला हाका मारत होतो. त्यावरून ते धरून चालले, की खोली रिकामी होती, वुर फीत लावून निघून गेली होती आणि मी धावत येऊन माईक घेतला. खालच्या पुचांगची माणसं त्या ओरडण्यानं पळाली आणि वाचली. वरच्या कुरणातल्या चौघांना तापलेल्या राखेच्या लोटानं तेवढा वेळ दिला नाही. वुरलाही नाही. दहा मिनिटं आधी ओरडलो असतो तर ती वळणाच्या अलीकडूनच मागं फिरली असती.

दोन महिन्यांनी शहरातल्या एका पोराकडे त्या फितीची प्रत निघाली, ती त्यानं आणून दिली. मी दार लावून ऐकली. डोंगर पहिल्या पाच मिनिटांतच संपतो. पुढं सतरा मिनिटं माझा पंप आहे. माझे पाने, माझी पत्र्याची पेटी, अंगणातलं माझं खोकणं. तिनं ते कधी भरून घेतलं मला माहीत नाही. पुढं डोंगर नाही हे तिनं मला सांगितलं होतं. मी ऐकलं असतं तर माझाच पंप मला ओळखू आला असता.

वुर गेल्याच्या शंभराव्या दिवसाचं जेवण मी आम्हा विस्थापितांच्या छावणीतल्या घरी घातलं. भात, अंडी, नारळ घातलेली पालेभाजी. फार लोक येतील असं वाटलं नव्हतं. जारवादी आले. प्रार्थना संपत आली तेव्हा सार्जिनेम आली. केळीच्या पानात तेम्पे, आंबवलेल्या सोयाबीनच्या तळलेल्या वड्या, घेऊन आली होती.

ती चटईवर माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "पाक तुगी, मी तिला शिव्या दिल्या. रोज दिल्या. आता नाही देणार. तिला काय ठाऊक होतं, डोंगर तेव्हाच उठेल ते? मी तिला माफ केलं. दार्मोच्या वतीनंही केलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

जारवादींनी डोळे पुसले. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "बू, जेवून जा."

ती जेवली. जाताना म्हणाली, "तुमच्या आवाजानं माझी लेक खाली आली. तेही मी विसरले नाही."

सार्जिनेमचं घर माझ्या घरापासून चौथं आहे. मधे तीन दारं आणि पाण्याचा एक नळ. सकाळी ती नळावर येते, मला हाक मारते, मी बादली धरतो. गुडघा आता दुखत नाही. त्या दिवशी यंत्रापाशी मी बसलो होतो आणि ते बटण मी दाबलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.