अर्धी दाढी

मास्तर पूर्वी शाळेत पोरांचे कान पिळायचे, आता चळवळीत मोठ्यांचे पिळतात. एवढाच काय तो बदल. पोलीस चौकीत त्यांच्या गटानं स्फोट केल्यापासून त्यांचा दाढीवाला चेहरा भिंतीभिंतीवर लागला होता. त्यात मेली ती चौकीची झाडूवाली. ती त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हती. तर भरदुपारी सलूनचं शटर ओढून माझा धाकटा भाऊ ती दाढी उतरवत होता, आणि मी टॉवेलांच्या घड्या घालत होते.

बाकावर दोन धटिंगणांच्या मध्ये वायरमन बसला होता. मास्तरांच्याच गटातला. बुधवारी दुपारी त्यांच्या लपायच्या खोलीवर धाड पडली, तिघं पकडले गेले, आणि नेमका हाच गायब.

"परत आला तो कसा?" मास्तर फेसातून बोलले. "न्हाऊनमाखून! आम्ही सगळे एका बादलीत भागवतो आणि ह्याच्या अंगाला गुलाबाचा वास. पोलीस हल्ली अंघोळ घालून पाठवतात वाटतं!"

धटिंगण खिदळले.

"कुठे होता ते सांगत नाही. ठीक आहे. आता आमच्याबरोबर येईल."

मागे एक जण असाच 'बरोबर' गेला होता. त्याची आई अजून दाराला कडी लावत नाही.

वायरमन तोंड का उघडत नव्हता हे धाकट्याला ठाऊक होतं. मलाही होतं. मला ठाऊक आहे, हे मात्र धाकट्याला ठाऊक नव्हतं.

आमचा धाकटा म्हणजे भांडण दिसलं की गल्ली बदलणारा. जमेला फक्त हलका हात, बाकी सगळी उधारी. त्यानं मास्तरांचा डावा गाल गुळगुळीत केला, वस्तरा पुसला आणि मिटून खिशात टाकला.

"अरे, उजवी बाजू?"

"बुधवारी तो माझ्याकडे होता. वरच्या खोलीत."

"वायरिंगला?"

"नाही, मास्तर. माझं प्रेम आहे त्याच्यावर."



"दोस्ताला वाचवायला काहीही बरळशील," मास्तर म्हणाले. "साक्षीदार कोण?"

"मी," मी म्हटलं. "पाणी मीच तापवून जिन्यात ठेवलं होतं. आणि तो गुलाबाचा साबण माझा. न विचारता घेतला दोघांनी."

"ताई, तू..."

"साबणाचं नंतर बघते तुझ्याकडे."

मास्तरांचा अर्धा चेहरा लाल झाला. अर्धा दिसत नव्हता. "चळवळीत असल्यांना जागा नाही!"

"मागितलीय कोणी? दुकान माझं आहे. तो इथेच राहील. तुम्ही निघा."

"असा? अर्ध्या दाढीनं?"

आरशात डावीकडे एक सभ्य कारकून होता, उजवीकडे भिंतीवरचा फरारी. एक धटिंगण बाह्या सरसावून उठला. मास्तरांनीच त्याला हातानं थांबवलं. जबरदस्तीनं चालणारा वस्तरा स्वतःच्या गळ्यावर कोणाला हवा?

"सोडा त्याला," ते पुटपुटले.

वायरमन उठला, पण दाराकडे गेला नाही. खुर्चीशी येऊन उभा राहिला, गरम टॉवेल हातात धरून. मग कुठे उजवा गाल झाला.

"पस्तावाल," जाताना मास्तर म्हणाले.

"सोमवारी," धाकटा म्हणाला. "सोमवारी दुकान बंद असतं. इतर दिवशी पस्तावायला वेळ नाही."

ते मागच्या दारानं गेले. धाकट्यानं पुढचं शटर पार वरपर्यंत ढकललं आणि वायरमनला त्याच खुर्चीत बसवलं, तोंड रस्त्याकडे करून.

"लोक बघतायत," वायरमन म्हणाला.

"बघू देत. मान मागे टाक."

त्यानं त्याचे केस भिजवले. रस्त्यावरचे दोघंतिघं खरंच थबकले. धाकटा थांबला नाही.

"ताई," तो मोठ्यानं म्हणाला, "तुझा साबण घेऊ का?"