शेपूटभाऊंच्या घरातले नवे शब्द

शेपूटभाऊंना शेपूटभाऊ का म्हणत, तर ते शब्दकोशाच्या कचेरीत प्रत्ययांच्या टेबलावर बसत. बाकीचे शब्द जमवत, हे शब्दांची शेपटं जमवत. नाव कुणी ठेवलं यावर कचेरीत अजून वाद आहे, पण भाऊंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट म्हणत, "डोकं बघून कुणीही जनावर ओळखेल. शेपटीवरून ओळखा, तर खरे!"

त्यातल्या एका शेपटीनं तर त्यांना जन्मभर झपाटलं होतं. लाटायचं ते लाटणं, गाळायचं ते गाळणं, उलथायचं ते उलथणं. क्रिया घ्या, मागे 'णं' लावा, अवजार हातात हजर! आणि हे फक्त आपल्याकडेच असं समजू नका, हे ते पाहुण्याला दारातच पकडून सांगत. तुर्की माणूस गाळण्याच्या क्रियेला 'सुझ' म्हणतो, त्याला 'गेच' जोडलं की झालं त्याचं गाळणं, सुझगेच. संस्कृतात 'नी' म्हणजे नेणं, त्याला 'त्र' लावा, की आपल्याला वाटेनं नेणारं ते नेत्र. ग्रीक नांगर अरोत्रोन, लॅटिन नांगर अरात्रुम, शेपूट तेच, संस्कृतातल्या 'त्र'चं सख्खं भावंड. पाहुणा बिचारा एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून मान हलवायचा, आणि आतून बायको ओरडायची, "अहो, त्यांना आत तरी येऊ द्या, मग छळा!"

बायको शाळेत शिवण शिकवायची. जिभेची तिखट, मनाची मऊ. शेजारणीला म्हणायची, "आमच्या ह्यांना जगातली सगळी शेपटं दिसतात, फक्त मी दिसत नाही. मला शेपूट नाही ना!" थट्टाच होती. पण अगदीच थट्टा होती असंही नाही.

तर एके सकाळी ही उशा उलट्यापालट्या करत होती. म्हणाली, "अहो, माझं ते... ते बघणं कुठं गेलं?"

भाऊंच्या हातातला चहा बशीत सांडला. बघणं! चष्मा हा फारशीतून आलेला पाहुणा, तो इतकी वर्षं आपण नाकावर बसवून घेतला, आणि हिनं उशा झटकता झटकता घरचा शब्द घडवला! त्यांनी चष्मा शोधून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "वा! वा गं वा!"

शब्द विसरलीस का, असं त्यांनी विचारलं नाही. कसं विचारणार? कोशाच्या कचेरीचा पहिला धडाच तो. बोलणाऱ्याला टोकायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, 'तुला नक्की काय म्हणायचंय' हे तर मुळीच विचारायचं नाही. विचारलं की माणूस सावध होतो आणि तोंडावर आलेला शब्द परत फिरतो. भाऊ नव्या पोरांना हा धडा टेबलावर बोट आपटून शिकवत. घरीही त्यांनी तो इमानानं पाळला.

मग किल्लीचं उघडणं झालं. फोनचं बोलणं झालं. एकदा तिनं कपाटातून कात्री काढली, हातात धरून जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे कापणं बोथट झालंय." भाऊंना आनंदानं जेवण गेलं नाही. आता काय म्हणावं या माणसाला! अहो, जिची सगळी हयात कात्री चालवण्यात गेली, तिला कात्री म्हणता येईना. एखादा गवंडी असता, भाजीवाला असता, तर त्याच्या काळजात चर्र झालं असतं. पण हे पडले विद्वान.

कचेरीत रोज विचारणा होऊ लागली. "भाऊ, आज वहिनींचं काय नवीन?" आणि भाऊ ऐटीत सांगत. घरी येऊन तिलाही सांगत, की तुझा शब्द आज संपादकांनी दोनदा उच्चारून बघितला. ती हसायची. संसाराच्या इतक्या वर्षांत हा माणूस कचेरीतून थेट तिच्याकडे, तिचं काही ऐकायला, पहिल्यांदाच येत होता.

एका संध्याकाळी मात्र ती शिवणयंत्राशी नुसती बसून होती. भाऊ आले तसा तिनं त्यांचा हात धरला. "अहो, मला शब्द सापडत नाहीत हो. जिभेवर येतात नि पळून जातात. मला भीती वाटते."

भाऊ खदखदून हसले. "वेडी का खुळी तू? सापडत नाहीत ते आम्हा कारकुनांना! तू तर घडवतेस. भाषा अशीच जिवंत राहते, कळलं?"

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असं होय," आणि स्वयंपाकाला उठली.

लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिचा फोन यायचा, "बाबा, आई बोलताना फार अडखळते. डॉक्टरांना दाखवा ना." भाऊ म्हणायचे, "तुझ्या आईची थोरवी तुला कळायची नाही." लेक दोनतीनदा भांडली, मग तिचीही कामं निघाली. घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात तसं नव्हे हो हे, इथं तर घरच्या माणसाचं कौतुकच नडलं.

आणि एके दुपारी ती न्हाणीघरात कोसळली. उजवा हात उचलेना.

दवाखान्यात लेक धावत आली. डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो उजेडावर धरला. डाव्या बाजूला गाठ होती, चांगली वाढलेली, आत पसरलेली. बाईंनी विचारलं, "बोलण्यात फरक कधीपासून पडला?"

भाऊंनी मान वर केली. शब्द पहिल्यांदा कधी ऐकला हा प्रश्न त्यांना जन्मभर लोक विचारत आले होते, आणि उत्तर कधी चुकलं नव्हतं. "गेल्या वर्षी," ते म्हणाले. "बैठकीला रंग काढला, त्याच आठवड्यात. पहिला शब्द बघणं. नंतर उघडणं, बोलणं, कापणं."

बाईंचं पेन थांबलं. "वस्तूंची नावं जात होती त्यांची," त्या हळू म्हणाल्या. "क्रिया तेवढ्या आठवत होत्या, त्यावर भागवत होत्या. तेव्हा आला असतात, तर शस्त्रक्रिया करता आली असती. आता हात लावता येणार नाही." आणि त्या दुसऱ्या रोग्याकडे गेल्या.

बाहेरच्या बाकावर दोघं येऊन बसली. भाऊच म्हणाले, "मला बोल गं. काहीही बोल."

"काय बोलू, बाबा?" ती म्हणाली. "आईनं मला सांगितलं होतं, की तिला शब्द आठवत नाहीत. रडली होती. मी म्हटलं, मी बाबांना खडसावून सांगते. तर म्हणाली, नको गं, इतके खूश आहेत ते. घरात आल्या आल्या माझ्यापाशी येऊन बसतात. जाऊ दे, म्हणाली. आणि मी जाऊ दिलं." लेकीनं पदर नव्हता म्हणून बाहीनंच डोळे पुसले. "नंतर नंतर ती मुद्दाम जुळवायची, बाबा. तुम्ही कचेरीतून यायच्या आधी बसून जुळवायची. नाही जमलं तर घाबरायची."

भाऊंनी भिंतीला डोकं टेकलं. आपल्या हातानं आपण हिला मारलं, हे त्यांना इतकं लख्ख कळलं, की त्यांना ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काय होणार? सगळं हातचं गेलं होतं. थोड्या वेळानं लेकीनंच त्यांना दंडाला धरून उठवलं आणि आत पाठवलं.

ती जागी होती. खाटेशेजारी पाण्याचा पेला होता, तो तिनं डाव्या हातानं दाखवला. भाऊ चटकन पुढे झाले, पण तिनं त्यांना थांबवलं. ओठ हलले. काही आलं नाही. पुन्हा हलले. कपाळावर घाम आला. भाऊ म्हणाले, "राहू दे गं, मला कळलं. पाणी हवंय ना?" तिनं हट्टानं मान हलवली. नव्हतं नुसतं पाणी हवं. तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावर होती.

"म... मणं," ती म्हणाली. "लणं."

क्रियाही गेली होती, शेपूट तेवढं उरलं होतं. आणि ती वाट बघत राहिली.

भाऊंना हुंदका आवरेना, तरी त्यांनी तो गिळला. "वा!" ते म्हणाले. "वा गं वा! उद्या कचेरीत सांगतो."

ती हसली. मग त्यांनी पेला तिच्या ओठाला लावला.