मिठाची बादली

ठकूने शंख दोन बोटांत धरून उचलला, क्षणभर तोंडासमोर आणला आणि बादलीत सोडला. टप्प असा आवाज झाला. पाण्यावर पांढरा फेस आला, फेसातून काहीतरी करडं, मऊ असं लांबलं आणि हळूहळू आत आक्रसत गेलं. ठकू वाकून ते पूर्ण थांबेपर्यंत पाहत राहिली. मग तिने पुढचा शंख उचलला.

रोपवाटिकेच्या कुंपणाबाहेर आई उभी होती. ठकू घरी विसरलेली पाण्याची बाटली द्यायला ती धावतपळत आली होती. हाक मारायची सोडून ती बघत राहिली.

मुंगीवर पाय पडू नये म्हणून ही पोर जिन्यात उड्या मारत चालायची. दिव्यावर पाखरू जळालं तर त्या रात्री जेवायची नाही. पायात काटा गेला की तो निघेपर्यंत ‘डोळे मीट, झालंच, झालंच’ असा जप आईला करावा लागायचा. आणि आता ती रबरी मोजे घालून, शिंगं बाहेर काढलेला जिवंत जीव, भाजी निवडावी तशी...

वस्तीतल्या मुलांचा परिसर-गट दर शनिवारी या रोपवाटिकेत जमत असे. रोपं लावायची, पाखरं ओळखायची, पाचोळ्याचं खत करायचं. नाव घालण्याआधी आईने गटाच्या ताईंना भंडावून सोडलं होतं. विहिरीला जाळी आहे का, प्रथमोपचाराची पेटी कुठे असते, फवारणी कधी करता, शौचालयाची कडी आतून अडकत तर नाही ना. इथे मारायला शिकवता का, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. सुचणार तरी कसं?

पलीकडच्या बादलीभोवती पोरं खिदळत होती.

“ही बघ कशी फुगली!”

“माझ्या तुझ्यापेक्षा जास्त झाल्या!”

ठकू एकटीच होती. तिचे ओठ हलत होते. तीही मोजत असावी.

मुलाला न्यायला आलेल्या शेजारच्या काकू फाटकातून आत शिरता शिरता म्हणाल्या, “अहो, तुमची ठकू म्हणजे गोगलगाय अन् पोटात पाय हो! आमचा दांडगोबा नुसता आरडाओरडा करतो. काम करावं तर हिनेच.”

आईला हसता आलं नाही. ती सरळ ताईंपुढे जाऊन उभी राहिली.

“हे काय चाललंय?”

ताईंनी हातातलं फावडं खाली ठेवलं. “शंखीचा बंदोबस्त. मेसेज टाकला होता मी पालकांच्या गटावर.”

मेसेज आईने वाचला होता. ‘शंखी गोगलगाय नियंत्रण’ असे शब्द होते. नियंत्रण म्हणजे मोजदाद असेल, असं तिला वाटलं होतं.

“या इथल्या नाहीत,” ताई म्हणाल्या. “कुठून तरी रोपांबरोबर आल्या आणि माजल्या. तो वाफा बघा.”

वाफ्यात मुलांनी लावलेल्या रोपांचे नुसते दांडे उरले होते. काहींची सालही खरवडलेली होती.

“पण लहान मुलांच्या हातून?”

“मी कुणावर बळजबरी करत नाही. नको वाटतं ती मुलं पाचोळा गोळा करतात. ठकूलाही मी तेच दिलं होतं.” ताई जरा घुटमळल्या. “बादली तिने मागून घेतली.”

आई बाकावर टेकली. तिने बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. चपलेशेजारी गवतात एक शंख सरकत होता. दोन शिंगं बाहेर आली, तिच्या अंगठ्याच्या रोखाने वळली आणि थांबली. मुलांच्या पाठी तिच्याकडे होत्या. ताई काकूंशी बोलत होत्या. आईने रुमाल काढला, शंख त्यात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला.

घरी येताना कालव्यापलीकडच्या झुडपांत जीव सोडून द्यायचा, असं आईने मनाशी ठरवलं होतं, पण ठकूने तिचा हात कालव्याच्या पुलावरही सोडला नाही.

घरात आल्यावर ठकूने साबणाने हात धुतले. पुसले. परत धुतले.

“पुढच्या शनिवारपासून जायचं नाही,” आई तिच्या पाठीला म्हणाली. “चित्रकलेच्या वर्गाला घालू तुला.”

ठकूने नळ बंद केला. ती वळली आणि आईकडे न बघता खुर्चीवरच्या पर्सकडे बघत राहिली. पर्सच्या बंदावरून एक चकाकणारी ओली रेघ खाली गेली होती. रेघेच्या टोकाला ती गोगलगाय होती, शिंगं ताणून, खुर्चीचा पाय चाचपत.

“तू आणलीस?”

आईला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. “सोडून देणार होते गं. पलीकडे, झुडपात.”

“ती एकटी पुरते, आई. मातीत अंडी घालते. खूप.”

“मग ठेवू आपण. बरणीत. झाकणाला भोकं पाडून.”

“बरणीत पण घालते. मी ताईंना विचारलं. दूर नेऊन सोडलं तर, उपाशी ठेवलं तर, सगळं विचारलं.” ठकूने नाक ओढलं. “तू हिला सोडलंस ना, की मग हिची पिल्लंही मलाच टाकावी लागतील.”

“तुलाच का? ताई म्हणाल्या, तू बादली मागून घेतलीस.”

“बाकीचे हसतात टाकताना. पैज लावतात.” ती थांबली. “माझ्या वाट्याच्यांना तरी कुणी हसत नाही.”

“पण तूही मोजतच होतीस ना? ओठ हलत होते तुझे.”

“मोजत नव्हते. सॉरी म्हणत होते. प्रत्येकीला वेगळं.”

बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, अगदी रोजच्यासारखी.

ठकूने मोरीच्या कोपऱ्यातलं जुनं पातेलं काढलं, नळाखाली अर्धं भरलं, स्टूल ओढून फळीवरची मिठाची बरणी उतरवली. चमच्याने मीठ घालून ढवळलं. मग भांडी घासायचा रबरी मोजा हातात चढवला. तो तिला कोपरापर्यंत आला. गुडघे टेकून तिने शंख अलगद सोडवला, तोंडाजवळ धरला आणि काहीतरी पुटपुटली.

“इकडे दे,” आई म्हणाली.

ठकूने मान हलवली. “तू पातेलं धर नुसतं.”

आईने पातेलं उचललं.

“डोळे मीट, आई. झालंच.”

आईने डोळे मिटले नाहीत. पातेलं मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरलं, कारण आतलं पाणी हिंदकळायला लागलं होतं.