पाहुण्यांचं वायफाय

व्यंकटरावांनी पेडगावात वायफाय घेतलं तेव्हा त्यात त्यांची कमाई काय, हे मी मनातल्या मनात मांडून ठेवलं होतं. पुण्यातल्या लेकीचा, अर्पिताचा, चेहरा रोज दिसणार, ही एक. आणि निवृत्त कारकुनाला गाव पुन्हा रामराम घालणार, ही दुसरी. या दुसरीसाठीच त्यांनी पासवर्ड बदलला नाही. जोडणाऱ्यानं ठेवलेले एक ते आठ आकडे तसेच राहिले, तेही ओट्याच्या भिंतीवर खडूनं लिहून. विरजण मागायला आलेल्याला कुणी परत पाठवतं का, असं ते म्हणत. संध्याकाळी ओटा भरून जाई. त्यात मीही असे.

शेजारच्या पार्वतीबाई ओट्यावर कधी आल्या नाहीत. दोन्ही घरांची भिंत एकच. त्यांचा परमेश्वर मस्कतला ट्रक चालवायचा. मागच्या सुट्टीत त्यानं आईच्या मोबाइलला हे वायफाय जोडून दिलं होतं. सिम कधीच बंद पडलेलं. तरी दिवा लागला की त्याचा चेहरा पडद्यावर येई. वायफाय हा शब्दही बाईंना ठाऊक नव्हता. त्यांच्या लेखी परमेश्वर फोनातच राहायला होता.

मग एक दिवस परभणीहून दोन पोलीस आले. कुणीतरी एका मुलीचा फोटो लावून खोटं खातं काढलं होतं आणि माग व्यंकटरावांच्या वायफायपर्यंत आला होता. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना 'हे मी केलेलं नाही' असं लिहून द्यावं लागलं. आमच्यातला कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही सगळे आपापल्या चपला शोधत उठलो.

अर्पिता धावत आली. तिनं राउटरचा आतला पासवर्ड बदलला, वायफायचं नाव बदललं, नवा लांबलचक पासवर्ड लावला, भिंत ओल्या फडक्यानं पुसली. शेवटी म्हणाली, "बाबा, यातच पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढता येतं. द्यायचा तर त्याचा पासवर्ड द्यायचा, आपला नाही. काढू?"

"आता पाहुणेच नकोत," व्यंकटराव म्हणाले.

नेमक्या आदल्या संध्याकाळी पार्वतीबाई लेकावर चिडल्या होत्या. पोळ्याला येतो म्हणालेला परमेश्वर आता मालक सुट्टी देत नाही म्हणत होता. त्या बोलून गेल्या, "मग फोन तरी कशाला करायलास? नगं करू."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. लेकानं आपलं ऐकलं, असं त्यांना वाटलं. तिकडे परमेश्वरला वाटलं, आई रुसली, उचलत नाही. गावात कुणाला फोन करून हे विचारायची त्याला लाज वाटली. आईला तर त्याहून जास्त.

मग रोज दिवेलागणीला त्या विरजणाची वाटी घेऊन व्यंकटरावांकडे येऊ लागल्या. त्यांच्या घरी कालचं दही शिल्लक असलं तरी. परमेश्वर काय म्हणतो, असं व्यंकटराव विचारत.

"बरा हाय. लय बोलतंय," त्या सांगत. "मीच म्हनलं, ठेव आता."

ती वेळ फोनची. त्या वेळी बाई वाटी घेऊन इथं कशा, एवढं साधं गणित व्यंकटरावांनी केलं नाही. दुसऱ्यांचे हिशेब ठेवणाऱ्या मीही नाही.

अकराव्या दिवशी सकाळी त्या उठल्याच नाहीत. झोपेतच गेल्या.

आता मालकानं सुट्टी दिली. परमेश्वर तिसऱ्या दिवशी पोचला. मोबाइल आईच्या उशाखाली होता, पूर्ण चार्ज केलेला. त्यानं तो चालू करून पाहिला आणि भिंतीपलीकडे जाऊन विचारलं, "काका, पासवर्ड बदललाय का?"

व्यंकटराव आत जाऊन अर्पिताच्या अक्षरातला कागद घेऊन आले. परमेश्वरनं एकेक अक्षर भरलं. मोबाइल वाजू लागला, तो थांबेना. दहा संध्याकाळींचे निरोप. त्यानं पहिला ऐकला. त्याचाच आवाज होता.

"आई, उचल की. दिवाळीला येतो, बघ."

बाकीचे त्यानं ऐकले नाहीत.

त्याच रात्री व्यंकटरावांनी अर्पिताला विचारून विचारून पाहुण्यांचं वायफाय काढलं. त्याचा पासवर्ड मागायला अजून कुणी आलेलं नाही.

खोटं खातं काढणाऱ्याचं काही गेलं नाही. आमची ओट्यावरची बैठक गेली. व्यंकटरावांचा रामराम गेला. खरं भरलं ते पार्वतीबाईंनी, ज्यांनी पासवर्ड कधी मागितलाच नव्हता.

परमेश्वर अजून भरायलाय.