काशीरामचं टिंब

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे आणि हल्ली दहिसरच्या एका चाळीत मिक्सरखाली असतो. मित्रांनो, चटणी वाटताना माझे हजारो शब्द थरथरतात. झोप कसली लागणार!

छापखान्यातून निघालो तेव्हा माझी अक्षरं सोनेरी होती. गिरणीत कामाला असलेल्या काशीरामने मला विकत घेतलं. बघितलेल्या प्रत्येक शब्दाशेजारी तो पेन्सिलीने टिंब करी. बायकोला, शेवंतीला म्हणे, "टिंब दिसलं की समज, हा कामाचा शब्द." काय थाट होता माझा! पुढे तो वारला, नात अक्षताच्या हातात फोन आला आणि मिक्सरला उंची कमी पडली.

गेल्या मंगळवारी शेवंतीने मला अचानक बाहेर ओढलं. तिच्या मानेवरच्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणार, अक्षता परीक्षेला गेलेली. शेवंतीला इंग्रजी अक्षरं ओळखण्यापुरतीच येतात. शेवटच्या ओळीत ठळक शब्द होता, 'बिनाइन'. त्याची पहिली दोन अक्षरं जुळवून तिने पान काढलं आणि तिचं बोट थेट काशीरामच्या टिंबावर थांबलं. तो शब्द होता 'बिक्वीद'. अर्थ, मृत्युपत्राने मागे ठेवणे.

तिने मला मिटलं. अगं, त्याच पानावर जरा वर बघ, मी आतल्या आत ओरडत होतो. एवढे शब्द पोटात, पण एकही बोलता येईना! तिने डब्यातून पाटल्या काढल्या, पदराने पुसल्या आणि दाराकडे बघत बसली. दुपारभर माझा जीव टांगणीला लागला होता.

अक्षता आल्याबरोबर ती म्हणाली, "ह्यो पाटल्यो तू ठेव. माझा आता काय खरा नाय."

"काय बोलतेस आजी? दाखव तो रिपोर्ट!" अक्षताने वाचलं, मग मला उघडलं. शेवंतीने त्या टिंबावर बोट ठेवलं, तशी अक्षता म्हणाली, "भलताच शब्द बघितलास गं! तुझा हा, वरचा. बिनाइन म्हणजे निरुपद्रवी. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही!"

"मगे ह्येंनी ह्या टिंब कित्याक केल्यानी?"

"आजोबांनी मृत्युपत्रात खोली तुझ्या नावावर लिहून ठेवली ना, तेव्हा हा शब्द बघितला असणार."

शेवंती रडली, मग हसली. मित्रांनो, आम्हाला जरूर उघडा, पण घाबरून पहिल्याच खुणेवर थांबू नका. अख्खा शब्द जुळेपर्यंत बोट हलू द्या.

शेवंतीने पेन्सिल शोधली आणि 'बिनाइन'शेजारी स्वतःचं पहिलं टिंब केलं. इतकं दाबून, की पानाला भोक पडलं. मला जराही राग आला नाही.